चुलीपासून तीन आठवडे दूर

सई आणि ईशान,

आपल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक ‘तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा’ म्हणून दोन वर्षं माझ्या मागे आहेत. लोकांची शी-शू तपासण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या बाईनं फराळाच्या दिवसांत वाचकांना काय सांगायचं, असं म्हणून मी दोन वर्षं टाळलं. मागच्या महिन्यात सईचा फोन आला आणि माझी सबब संपली.

ईशान, तुला माहीत नसेल म्हणून सांगते. सई रॉटरडॅमला फोनवरून आरोग्याचा सल्ला देते. तिथं एका माणसानं विचारलं की तो आणि त्याची जोडीदारीण, दोघांच्या मर्जीनं, शरीरसुखात मलमूत्राचाही खेळ करतात. तर यात धोका किती आणि काळजी काय घ्यायची? सईच्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी तोंडावर हात धरून बाहेर पळाली. सईनं जमेल तसं उत्तर दिलं आणि संध्याकाळी मला फोन केला. मी सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “आजी, तू हसली नाहीस.”

हसले नाही, कारण या प्रश्नाला मी एकदा फार वाईट उत्तर दिलं होतं. ते उत्तर आणि त्यातून निघालेला गोंधळ लिहून ठेवते. तुम्ही दोघंही तिशी ओलांडलेले आहात, तेव्हा आडपडदा ठेवत नाही. संपादकांना पचलं तर छापतील. नाही पचलं तर तुमच्यासाठी आहेच. यातली माणसांची नावं बदलली आहेत आणि कंपनीचं नाव मी सांगणार नाही.

आधी धंदा समजून घ्या. क्रांती चौकाच्या मागच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची लॅब होती. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या काळात आमच्या वडिलांना निजामाच्या कचेरीतली उर्दू एकाएकी निरुपयोगी झालेली दिसली, म्हणून त्यांनी मला छावणीतल्या इंग्रजी शाळेत घातलं. मुलगी इंग्रजी शिकेल आणि कलेक्टर कचेरीत मानानं बसेल असं त्यांना वाटलं होतं. मी इंग्रजीतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि डब्या उघडायला बसले. वडील लोकांना ‘मुलगी तपासणीच्या कामात आहे’ एवढंच सांगत. ऐकणाऱ्यांना वाटे मी शाळा तपासते.

शौचाची तपासणी दिसायला साधी. काचेच्या पट्टीवर एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना दोन्हींत कालवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळीनं पाहत जायचं, शेतात पाभरीनं पेरतात तसं, एकही ओळ न सोडता. त्यात जंतांची अंडी दिसतात, अमिबा दिसतो, न पचलेलं अन्न दिसतं. गियार्डिया नावाचा एक जीव दिसतो. तो नासपतीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या अंगावरचे दोन ठिपके डोळ्यांसारखे दिसतात, त्यामुळे आपण त्याला पाहतोय की तो आपल्याला, हे कळत नाही. बाहेर पडताना तो स्वतःभोवती कवच करून घेतो. तो कोष पोटात गेला की माणसाला जुलाब, गॅस, मळमळ. काहींना मात्र काहीच होत नाही. ती माणसं ठणठणीत दिसतात आणि दुसऱ्यांना रोग वाटत फिरतात.

माणसं नमुना कशातून आणत ते विचारू नका. पेढ्यांचा पुडा, कुंकवाचा करंडा, आगपेटी. एक शाळामास्तर दोन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन आले. खालच्या पुडात माझा नमुना होता आणि वरच्या पुडात त्यांची पोळी-भाजी. पुड वेगळे आहेत ना, मग अडचण काय, असं त्यांनी मलाच समजावलं. मग मी प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या आणि काउंटरवर कौसाबाईंना बसवलं. कौसाबाई मूळच्या शेंद्र्याकडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आवाज खणखणीत. येणाऱ्याला त्या एकच वाक्य म्हणत, “आधी डबीवर नाव लिवा, मग काय ते बोला.” हे वाक्य मीच त्यांना शिकवलं होतं. मला व्यवस्थितपणाची फार हौस.

वाळूजला कारखाने भरभरून आले ती वर्षं होती. तिथल्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची सहा महिन्यांनी तपासणी होई. सकाळी शिफ्टच्या बसनं पंधरा-वीस जण क्रांती चौकात उतरत आणि हातात डबी लपवत जिना चढत. एकदा एका कॅन्टीनचे अकरा नमुने आले आणि अकराही नमुन्यांत एकाच जंताची अंडी, सारख्याच दाटीनं. मी बाहेर येऊन विचारलं, “तुमच्यातला दानशूर कोण?” सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी एक जाडसर आचारी पुढं झाला.

“मॅडम, बाकीच्यांना सकाळी झालीच नाय. बस निघायली होती. म्हणून वाटून घेतली.”

कौसाबाई म्हणाल्या, “परसाद हाय का रे तो?”

त्या कॅन्टीनचा ठेकेदार होता शेखभाई. स्वच्छतेच्या बाबतीत कडक, बोलायला गोड. त्याच्याकडे चारशे माणसांचं वरण-भात-भाजी करणारा दिगंबर हा मुख्य आचारी. वाटणीच्या त्या प्रकरणात तो नव्हता. माळकरी माणूस, अंडंसुद्धा चालत नसे, म्हणून त्याची चूलही वेगळी होती. नखं कापलेली, पंचा धुतलेला. माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वात नेटका तोच. आणि गियार्डिया निघाला तोही त्याच्याच डबीत.

पहिल्यांदा निघाला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आमच्या इमारतीतच खाली डॉक्टर होते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि पुढची तपासणी स्वच्छ आली. दोन महिन्यांनी पोट बिघडलं म्हणून आला, तर पुन्हा कोष. पुन्हा गोळ्या, पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा शेखभाई स्वतः जिना चढून आला.

“मॅडम, आदमी हीरा है. मगर चौथी बार निकला तो चूल्हे पे नक्को. कंपनीवाले मेरा ठेका काट देंगे.”

“चुलीवर नको म्हणजे कुठं?”

“कहां रखूं? दूसरा आचारी देख लिया मैं. घर भेजना पडेंगा इसको.”

दिगंबर दाराशीच उभा होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून तो चुलीशी होता. शहरातल्या सगळ्या कॅन्टीनवाल्यांची एकमेकांशी ओळख. पोटात रोग म्हणून काढलेल्या आचाऱ्याला कुणीही भांड्याला हात लावू देणार नाही, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

मग माझ्यातली व्यवस्थित बाई कामाला लागली. काउंटरवरच, चार माणसांदेखत, मी त्याची उलटतपासणी केली. पाणी कुठलं, उकळून पितोस का, बाहेर काय खातोस, बायकोची तपासणी का नाही केली? तो म्हणाला, “तिला कायबी नाय मॅडम. ठणठणीत हाय,” आणि कानापर्यंत लाल झाला. मी तो रंग पाहिला आणि त्याचा अर्थ लावला की घरात पाणी उकळत नाहीत.

रविवारी कौसाबाईंना घेऊन मी मुकुंदवाडीला त्याच्या गल्लीत गेले. गल्लीची सामायिक टाकी होती. मी तिचं झाकण उघडायला लावलं, नमुने घेतले, आणि आत मेलेली पाल बघितल्यावर सात घरांच्या बायकांना गोळा करून भाषण दिलं. त्यांनी दुपारपर्यंत टाकी घासली. एका म्हातारीनं विचारलं, “मुनशिपालटीच्या का?” कौसाबाई म्हणाल्या, “त्याच्याबी वरच्या.” दिगंबर मान खाली घालून बादल्या उपसत होता. दारात उभी राहून त्याची बायको सुमन आमच्याकडे बघत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी तिच्या हातात पाणी उकळायच्या सूचनांचा कागद दिला आणि निघाले. टाकीच्या पाण्यात पुढं काहीही सापडलं नाही. पाल सोडली तर टाकी निर्दोष होती.

तीन दिवसांनी दुपारी, लॅब रिकामी असताना, सुमन आली. कौसाबाई आपलं वाक्य म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, “माझी डबी नाय. मला मॅडमशी बोलायचंय.”

आतल्या खोलीत आली, स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

“मॅडम, पाण्यातनं नाय होत ते.”

“मग?”

“आमच्या दोघांतनं होतं.”

आणि मग तिनं सांगितलं. फार शब्द वापरले नाहीत. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही, घरात दोघंच. नवऱ्याला तिच्या अंगचं काहीच घाण वाटत नाही, जे इतरांना वाटतं तेही नाही. आधी तिला विचित्र वाटलं होतं, आता वाटत नाही. “कुणाला तरास नाय आमचा. फकस्त हे पोटाचं सुरू झालं आन् त्यांचं काम जायला लागलं.”

“तुझ्यावर जबरदस्ती आहे का?” मी विचारलं. दिवसभरात मी विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न.

“नाय वो. म्या नाय म्हणले की नाय. त्ये तसले नायतच.”

इंग्रजी पुस्तकात या प्रकाराचं लांबलचक ग्रीक नाव मी वाचलं होतं. ते विकृतींच्या प्रकरणात होतं आणि कुठल्या तरी दूरच्या देशातल्या वेड्यांबद्दल असावं असा माझा समज होता. ते मुकुंदवाडीहून शहर बसनं, तिकीट काढून माझ्यासमोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “हे आजपासून बंद करा.”

एवढंच. का, कसं, काहीच नाही. ती “बरं” म्हणाली आणि गेली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दिगंबरची पुढची तपासणी पंधरा दिवसांनी होती. डबी वेळेवर आली, नाव सुवाच्य अक्षरात. मी पट्टी लावली आणि ओळीनं पाहत गेले. गियार्डिया नाही. कोष नाही. काहीच नाही. मला इतका आनंद झाला की मी कागदावर ‘निर्दोष’ लिहायला घेतलं. पण पट्टीची शेवटची ओळ पाहायची राहिली होती, ती सवयीनं पाहिली. आणि तिथं पिवळसर रंगाचे, आखूड, अंगावर बारीक आडव्या रेघा असलेले तुकडे दिसले. थोडेथोडके नाहीत, काचेच्या कडेला गोळा झालेले, भरपूर.

ते मांसाचे तंतू होते. मटण खाल्लेल्या माणसाच्या नमुन्यात असतात तसे. आदल्या दिवशी कुणीतरी चांगलं भरपेट जेवलेलं होतं.

मी बाहेर आले. दिगंबर बाकावर बसलेला, गळ्यात तुळशीची माळ.

“काल काय जेवलास?”

“पिठलं-भाकर, मॅडम.”

“आणि तुझा शेजारी काय जेवला?”

कौसाबाईंना काहीच माहीत नव्हतं, पण इतक्या वर्षांत त्यांना माझा आवाज कळत होता. त्या उठल्या, बाहेरच्या दाराला कडी लावून आल्या आणि म्हणाल्या, “आत जाऊन बोला दोगंबी. हितं नगं.”

आतल्या खोलीत तो हाताच्या तळव्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, “तुमी बंद करा म्हणले. चार दिस केलं. मग नाय जमलं. मग तुमाला कोणत्या तोंडानं सांगू? शेजारचा गफूर म्हणला, माझी ने. त्यानं इचारलंबी नाय कशाला ते.”

बाळांनो, त्या क्षणी मला काय दिसलं ते सांगते. शेवटची ओळ पाहिली नसती तर मी माझ्या सहीनं एका आजारी आचाऱ्याला चारशे माणसांच्या वरणापाशी तसंच उभं ठेवलं असतं. आणि हा खोटेपणा त्याच्या स्वभावात नव्हता. तो मी त्याला शिकवला होता. ज्या दाराशी खरं बोलल्यावर हुकूम मिळतो, त्या दाराशी माणूस पुन्हा खरं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांच्या स्वतःच्या डब्या मागवून तपासल्या आणि दुपारी दोघांना बोलावलं. आधी कबूल केलं की माझं चुकलं. “तुमच्या घरात तुम्ही काय करता ते बंद करायला सांगणारी मी कोण? माझं काम जंतूंशी आहे. जंतू कुठून कुठं जातात ते मला माहीत आहे. तेवढं सगळं सांगते. मग तुम्ही ठरवा.”

पहिली गोष्ट, मी म्हटलं, खोटा दिलासा देणार नाही. विष्ठा तोंडात जाणं यात सर्वात मोठा धोका आहे आणि कुठल्याही काळजीनं तो शून्य होत नाही. गियार्डिया तर किरकोळ. रक्ती आव, टायफॉइड, कावीळ, जंत, सगळ्यांचा हाच रस्ता. आणि समोरचा माणूस ठणठणीत दिसतो म्हणून तो स्वच्छ आहे असं नाही. सुमनला काही त्रास नव्हता, तरी सकाळी त्याच्याइतकेच तिच्याही डबीत कोष निघाले होते. म्हणजे तो गोळ्या घेऊन बरा होई आणि घरी जाऊन पुन्हा घेऊन येई. एकट्याला औषध देऊन आम्ही सहा महिने वाया घालवले होते.

“म्हणजे दोघांनी संगंच गोळ्या घ्यायच्या?” सुमननं विचारलं.

“एकाच दिवशी सुरू, एकाच दिवशी संपवायच्या. आणि दोघांचे तीन-तीन नमुने, एक दिवसाआड, स्वच्छ येईपर्यंत काही नाही. हा जीव एक दिवस दिसतो, एक दिवस दडून बसतो.”

दिगंबर हळूहळू वर बघायला लागला. मी सांगत गेले. तोंड, डोळे, आणि अंगावर कुठं कापलेलं, खरचटलेलं, मूळव्याधीची जखम असेल तर तिथं काहीही लागू द्यायचं नाही. बाहेरच्या कातडीला, ती धड असेल तर, धोका सर्वात कमी. हातात रबरी मोजे, खाली प्लॅस्टिकचा कागद, वापरून झालं की मोजे फेकायचे. त्यासाठीची चादर वेगळी, ती उकळत्या पाण्यात धुवायची. मागून पुढं काही जाऊ द्यायचं नाही, बाईला लघवीचा संसर्ग तिथूनच होतो. कुणाला जुलाब, ताप, कावीळ असेल, किंवा नुकतंच बरं वाटायला लागलं असेल, तर काही आठवडे नाही. रक्त दिसलं तर लगेच थांबायचं. दिवस गेले असतील तर अजिबात नाही, कारण एका प्रकारची कावीळ गरोदर बाईचा जीव घेऊ शकते. काविळीच्या लशी मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून दोघांनी घ्यायच्या.

“आन् लघवीचं?” सुमन अगदी हळू म्हणाली.

“त्याचा धोका कमी. पण लोक म्हणतात तशी ती निर्जंतुक नसते. संसर्ग असेल, औषधं चालू असतील, तर तेही त्यातून येतं. डोळ्यांत आणि जखमेवर नको. पोटात तर नकोच.”

नंतर साबण आणि वाहतं पाणी, नखांखाली ब्रश, आंघोळ. सई, तुमच्याकडे हाताला चोळायचं ते स्पिरिट असतं ना, ते कोषाला मारत नाही. साबणानं घासून धुवून काढावा लागतो, हे तुझ्या त्या माणसाला नक्की सांग.

दिगंबर बोटांवर काहीतरी मोजत होता. मग एकदम म्हणाला, “म्हणजे मॅडम, हे आमच्या किचनवानीच झालं. कच्च्याची सुरी पक्क्याला लावायची नाय. फडकं वेगळं, पाट वेगळा. हात धुतल्याबिगर झाकण उचलायचं नाय.”

“अगदी तसंच.”

“मग असं आधीच सांगायचं व्हतं ना. ह्ये मला येतंय.”

सुमनला हसू आलं. मलाही आलं. इतक्या महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसलं. मी पुस्तकातून जे सांगायला अर्धा तास घेतला ते त्यानं तीन वाक्यांत कालवलं होतं.

“आणि चुलीचं काय?” तो म्हणाला. हा खरा प्रश्न होता.

“खरं लिहिणार,” मी म्हटलं. “गियार्डिया आहे, औषध चालू आहे, तीन आठवडे चुलीपासून दूर. कुठून आला ते लिहिणार नाही. ते कुणाच्या बापाचं काम नाही.”

शेखभाईनं तो कागद वाचला आणि हात जोडले. “बस मॅडम. अब घर भेज देतूं.”

“तीन आठवडे कोठीवर ठेव. पोती उतरवू दे, पण शिजवलेल्या अन्नाला हात नाही. या वेळी मूळ सापडलंय. पुन्हा निघालं तर माझ्याकडून तपासणी बंद कर.”

“क्या मूळ था?”

“टाकीत पाल होती,” मी म्हटलं. हे पूर्ण खरं होतं.

शेखभाईला ते पटलं असं वाटत नाही, पण माझ्याकडून तपासणी बंद करायची त्याची इच्छा नव्हती. नवा आचारी चुलीवर आला. आठ दिवसांत कारखान्यातल्या माणसांनी जेवणाची ताटं परत करायला सुरुवात केली. शेखभाईचा फोन येई, “मॅडम, चार सौ लोगां दाल के नाम से रोरे. उसका पेट कब साफ होता?” मी म्हणे, “पोट तुझ्या घाईनं नाही होत, शेखभाई.”

दोघांचे मिळून सहा नमुने मी स्वतः पाहिले. प्रत्येक पट्टीची शेवटची ओळसुद्धा, दोनदा. सहावा पाहून उठले तेव्हा पाठ धरली होती. सहाही स्वच्छ होते, आणि मांसाचा एकही तंतू कुठं नव्हता. दिगंबर सोमवारी चुलीवर परतला. पुढची अकरा वर्षं, लॅब बंद होईपर्यंत, दर सहा महिन्यांनी तो येत राहिला आणि एकदाही त्याच्यात काही निघालं नाही. ते दोघं घरी काय करत होते किंवा करत नव्हते, ते मी कधी विचारलं नाही. सुमन मात्र वर्षातून दोनदा आपली डबीही आणत असे, नाव लिहिलेली.

खंत आहे ती वेगळीच. त्यानंतर मला आठवू लागलं की सुमनच्या आधीही कितीतरी जण काउंटरशी घुटमळले होते. एक तरुण होता, ‘एक मित्र आहे’ म्हणून त्यानं सुरुवात केली होती. एक बाई होती, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्या सगळ्यांना आम्ही डबीवर नाव लिहायला लावून वाटेला लावलं. ती माणसं आजारी होती की फक्त घाबरलेली, हे मला आता कधीच कळणार नाही. मग मी काउंटरवरचे प्रश्न बंद केले. प्रत्येकाला, अगदी लहान मुलाच्या आईलासुद्धा, आत बसवून एकच प्रश्न विचारायला लागले: तुम्हाला मला आणखी काही सांगायचंय का? बहुतेक जण नाही म्हणत. काही सासूबद्दल सांगत. पण वर्षाला तीन-चार जण तरी खुर्ची पुढं ओढून घेत. त्यांच्यासाठी मी त्या दुपारी बोललेलं सगळं मराठीत एका कागदावर लिहून काढलं, दिगंबरच्या भाषेत, सुरी आणि फडक्यासकट. खालच्या डॉक्टरांनी वाचलं, थोडे खाकरले आणि वीस प्रती मागून घेतल्या.

आता लॅब नाही. त्या जागेत चष्म्यांचं दुकान आहे. कौसाबाई गेल्या, शेखभाई मुलाकडे पुण्याला असतो. दिगंबर साठीचा झालाय. शेंद्र्याच्या रस्त्याला त्याची स्वतःची खानावळ आहे, सुमन पोळ्यांवर असते आणि तो अजून वरण स्वतःच करतो. त्या कागदाच्या प्रतींचा गठ्ठा खालच्या डॉक्टरांच्या मुलीच्या दवाखान्यात आहे, आतल्या खोलीत, कुणाला न मागता उचलता येईल अशा जागी ठेवलेला. मागच्या आठवड्यात मी पाहून आले. गठ्ठा निम्मा संपला होता.